म्हाळसाबाई जीनगरीण यांनी विमानास खोगीर चढविले त्याची हकीकत

॥ श्री ॥ नमन प्रथम त्या जगदंबेस, जिने पाखरांस पंख दिले आणि ज्यांस पंख देणे राहिले त्यांच्या हाती सुई दिली. शके अठराशे एकोणसाठ, ईश्वरनाम संवत्सर, कार्तिक मास सरत आला ते समयी डोंगराच्या कुशीत एक दौलत नांदत होती. तिचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. शेजारचे राजे नकाशावर अंगठा टेकवीत तो अवघी दौलत अंगठ्याखाली झाकून जात असे, मग नाव कोठे वाचावे? परंतु मुलूख लहान तरी अभिमान थोर. तोफ एकच होती आणि ती सणावारी ठसकत असे, हत्ती मरून वर्षे लोटली होती, आणि तरीही बड्या बड्या दौलतींस जे नव्हते ते येथे होते. खासे विमान होते! चौघांच्या बैठकीचे, लहानगे, आणि उडण्यापूर्वी असे किंचाळे की रयतेने त्याचे नाव टिटवी ठेविले. गादीवर आईसाहेब होत्या. महाराज कैलासवासी जाहले तेव्हा लोकांस वाटले, आता टिटवी गंजणार. परंतु आईसाहेबांनी वैमानिकाची विद्या शिकून घेतली आणि विमान स्वहस्ते हाकू लागल्या. शौकासाठी नव्हे. दौलतीचे दोन तुकडे होते, मध्ये खोल दरी, आणि दरीपलीकडे पैलमाळ नावाचा धनगरांचा महाल, म्हणजे तालुका. पायी जावे तर डोंगराला वळसा घालीत दिवसांमागून दिवस जात, आणि टिटवीत बसावे तर पानाचा विडा रंगेतो पलीकडे. डाक्तरीणबाई, औषधे, मीठ, टपाल, सारे टिटवीने जाई, आणि दुखणाईत माणूस टिटवीने येई.

मग ऐसे जाहले की दिवाण विसाजीपंत पैलमाळच्या पाहणीस निघाले आणि आईसाहेबांच्या शेजारच्या आसनावर बसले. आसने जुनी, वरचे चामडे जागोजाग उकललेले, आतला काथ्या डोकावणारा. पंतांस चिरुटाचे व्यसन. दरीच्या मधोमध असता चिरुटाचा निखारा गळाला आणि उकललेल्या शिवणीतून काथ्यात उतरला, आणि पंतांस आधी ऊब वाटली, मग फार ऊब वाटली, मग त्यांनी "आईसाहेब, आग!" म्हणून हाक फोडली. धूर कोंडला. खाली दरी, उतरावे तरी कोठे? आईसाहेबांनी उजव्या हाताने विमान सावरिले आणि डावा हात आसनात खुपसून जळता काथ्या मुठीमुठीने उपसून खिडकीबाहेर टाकिला, आणि टिटवी सुखरूप पलीकडे टेकविली. पंतांचे धोतर गेले, अब्रू थोडकी गेली. आईसाहेबांचा तळहात मात्र मनगटापर्यंत भाजला.

हे वर्तमान वरच्या सरकारास कळले आणि तेथून होरमसजी नावाचे पारशी गृहस्थ, विमानांचे तपासनीस, येते जाहले. अंगाने भारी, बोलण्यात गोड, कामात कठीण. त्यांनी टिटवीच्या पोटात डोके घालून पाहिले आणि मान हलविली. "आईसाहेब, इंजिन एकदम झकास. पण ही आसने नाय, ह्या चुली आहेत. नवी करा, मी येऊन तपासीन, मग उडा. तोवर विमान जागचे हलायचे नाय." आणि त्यांनी विमानाच्या नाकावरील पंख्यास लाखेची मोहर लाविली आणि निघून गेले.

तेव्हा आईसाहेबांनी जीनगर आळीत म्हाळसाबाईंस बोलावणे धाडिले. या बाईंची ओळख सांगणे अगत्य. घराणे खोगिरांचे, आजेसासऱ्यापासून राजाच्या घोड्यावर दुसऱ्या कोणाचे खोगीर चढले नव्हते. नवरा तरुणपणी वारला तेव्हा भाऊबंद म्हणाले, आता हत्यारे आम्हांस द्या, तेव्हा बाईंनी चामडे टोचावयाची आरी उचलली आणि म्हणाल्या, "हत्यारे माझ्या हातात बसली आहेत. उठवून दाखवा." ती आरी पुढे कोणी मागितली नाही. परंतु काळ फिरला, घोडे गेले, मोटारी आल्या, तबेल्यात मोटारी राहू लागल्या, आणि ज्या हातांनी जरीची खोगिरे शिवली ते हात पखाली आणि शाळकरी पोरांची दप्तरे शिवू लागले. बाई काम करीत, परंतु आळीतून जाताना मान अशी ताठ की जणू अजूनही मागून घोडा येतो आहे. त्यांस बोलावणे आले तेव्हा त्यांनी ठेवणीतले लुगडे काढले, आणि ओसरीवरून मोठ्याने म्हणाल्या, की शेजारणींस ऐकू जावे, "दरबाराला शेवटी जीनगराच्या दारी यावे लागते!"

बाई हुजूर दाखल जाहल्या. आईसाहेब विमानापाशी उभ्या, डावा हात फडक्यात गुंडाळलेला. आईसाहेब बोलिल्या, "म्हाळसाबाई, चार आसने. मजबूत, हलकी, आणि लवकर. होईल?" बाई म्हणाल्या, "आईसाहेब, होईल का म्हणून विचारता? अशी करीन की शेजारचे राजे येऊन पाहून जातील." आईसाहेब हसल्या आणि म्हणाल्या, "राजे येवोत न येवोत, डाक्तरीणबाई गेल्या पाहिजेत." बाईंनी ते ऐकिले, परंतु राजांचे नाव मनात राहिले. जवळ विसाजीपंत उभे होते, त्यांनी जामदारखाना उघडून दिला. आत मेल्या हत्तीची झूल होती, अंबारीचे पडदे होते, जरीचे किनखाप, रेशमी मखमल. बाईंनी झुलीवरून हात फिरविला आणि त्यांस वाटले, आपल्या घराण्याचे दिवस परत आले.

मग काम सुरू जाहले. बाईंनी जुनी आसने उसवून सांगाडे मोकळे केले, आत नवा कापूस ठासून भरिला, वर किनखाप ताणिला, कडेला मखमलीची गोट दिली, आणि पाठीवर जरीचे मोर काढावयास घेतले. प्रत्येक आसनास एक मोर, मोराच्या चोचीत मोत्याची सर. मोर म्हटला की पिसारा आला, पिसारा म्हटला की डोळे आले. पाहावयास अवघे गाव लोटे, आणि बाई सुई थांबवून म्हणत, "हात लावू नका, डोळ्यांनी बघा." अशात पैलमाळाहून वर्तमान आले की एका बाळंतिणीस डोलीत घालून डोंगराच्या वळशाने आणिले, बाई वाचली, मूल वाटेत गेले. म्हाळसाबाईंच्या बोटांतली सुई थबकली. मग स्वतःशीच म्हणाल्या, "होतच आले. हा एवढा पिसारा," आणि पुन्हा टाका घातला. परंतु त्या दिवसापासून मोर त्यांच्याकडे पाहतात असे त्यांस वाटू लागले.

आसने सिद्ध जाहली, होरमसजी आले, आणि तपासणीस जत्रा भरली. चौघडा लाविला होता. होरमसजींनी आसने पाहिली आणि दोन्ही हात जोडिले. "बाई, काय काम आहे! सोन्याने शिवलेय!" म्हाळसाबाईंची मान आणखी वीतभर उंच जाहली. मग ते म्हणाले, "आता ह्यातली एक पट्टी द्या." पट्टी दिली. त्यांनी ती चिमट्यास उभी टांगिली आणि खाली दिव्याची ज्योत धरिली. किनखाप वेळ न लावता पेटला, ज्योत काढली तरी पेटत राहिला, जरीची तार काळी पडून मुरडली, कापूस भडकून राख जाहला आणि ती राख होरमसजींच्या बुटावर पडली. चौघडेवाल्याचा हात टिपरीसह हवेत राहिला. होरमसजी हळू आवाजात म्हणाले, "काम उत्तम, बाई. पण कापड जळके आहे, आणि ह्या आसनांचे वजन इतके, की दर खेपेला एक माणूस घरी ठेवावा लागेल. मी नाय देऊ शकत परवानगी." मग त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मी आठ दिवसांनी पुन्हा येतो. शिकत असताना एका गुरूने मला सांगितले होते ते तुम्हास सांगतो: लोकर सहज पेट घेत नाय, ज्योत काढली की आपली आपण विझते. चामडेही बरे. पुढे तुम्ही जाणा."

गर्दी पांगली. म्हाळसाबाई आसनांपाशी एकट्या उभ्या राहिल्या आणि मोत्यांच्या सरी पाहत राहिल्या. तेव्हा विसाजीपंत जवळ आले आणि हलक्या आवाजात बोलिले, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. तोड आहे. पुढल्या वेळी पट्टी दुसरीच द्यायची. चामड्याची द्या, तुरटीच्या पाण्यात बुडवून द्या. तो पट्टी जाळतो, आसने थोडीच जाळतो? मोर जागच्या जागी राहतील, तुमचे नाव राहील, टिटवी उडेल. पैलमाळावर माणसे मरताहेत, बाई. रोज एकेक दिवस मोलाचा आहे." हे बोलणे बाईंच्या काळजास लागले, कारण त्यात अर्धे खरे होते. मूल गेले ते त्यांस विसरता येत नव्हते. हो म्हणावे तर आठ दिवसांत डाक्तरीणबाई पलीकडे. नाही म्हणावे तर आणखी विलंब, आणि मोरही जाणार, आणि आळीत हसे होणार. त्यांनी विमानाकडे पाहिले. तेथे आईसाहेब पंखा पुशीत होत्या, एका हाताने, दुसरा फडक्यात. तेव्हा बाईंनी पंतांकडे वळून म्हटले, "दिवाणजी, त्या माणसांना दुखण्यातून वाचवायचे आणि आभाळात नेऊन जाळायचे? आमच्या खोगिराने आजवर घोड्याच्या पाठीला व्रण केला नाही. मी माणसांखाली निखारा शिवणार नाही." पंत म्हणाले, "मोर?" बाईंनी कमरेची कात्री काढिली आणि पहिल्या मोराच्या मानेखाली घातली. किनखाप फाटल्याचा आवाज विमानापर्यंत गेला. आईसाहेबांनी मान वळविली, परंतु पुढे आल्या नाहीत. चारही मोर निघेतो बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि कात्री कोठे अडखळली नाही.

मग त्या आईसाहेबांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, "आईसाहेब, मी राजांसाठी शिवले. तुम्ही डाक्तरीणबाईंसाठी सांगितले होते. आता पुन्हा शिवते, पण वेळ लागेल." आईसाहेबांनी राग केला नाही आणि गोंजारिलेही नाही. म्हणाल्या, "शिवा. डाक्तरीणबाई आजच पायवाटेने पैलमाळास जातील आणि टिटवी येईतो तेथेच राहतील. होरमसजींस मी कळविते की कामास लागेल तो वेळ द्यावा. तेवढा भार मी घेते. बाकीचा तुमचा."

आता लोकर. दौलतीत लोकर म्हटली म्हणजे घोंगडे, आणि घोंगडे म्हटले म्हणजे बिराप्पा सणगर. हा म्हातारा गावाबाहेर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसे आणि त्याच्याइतकी घट्ट घोंगडी कोणी विणीत नसे. परंतु बाईंचे आणि त्याचे वाकडे होते. एका बाजारात त्याने बाईंच्या दुकानाशेजारी घोंगडी मांडिली होती, तेव्हा बाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, "घोंगडे खोगिराखाली जाते, खोगिराच्या ओळीत बसत नाही. सरक तिकडे." तो सरकला होता आणि पुन्हा बाईंशी बोलला नव्हता. त्या बिराप्पाच्या दारी म्हाळसाबाई भर दुपारी गेल्या. आळीतून निघताना बायका पाहत होत्या, तरी गेल्या. म्हातारा मागावरून उठला नाही. म्हणाला, "कोण? जीनगरीणबाई? वाट चुकली जणू." बाई म्हणाल्या, "वाट बरोबर आहे. मला घोंगडे पाहिजे. विमानातल्या आसनांवर घालायला." बिराप्पाचा धोटा थांबला. "वर घालायला?" "वर." "आन् ते खालीच जातं म्हनत हुता की." बाई म्हणाल्या, "बिराप्पा, घोडा बदलला." म्हातारा खदखदा हसला, इतका की खड्ड्यातून बाहेर यावयास त्यास हात द्यावा लागला, आणि तो हात बाईंनी दिला.

मग दोघे कामाच्या गोष्टी बोलू लागले आणि संध्याकाळ कळली नाही. बाई म्हणाल्या, "तुझे घोंगडे टोचते. आजारी माणूस बसायचा आहे." बिराप्पा म्हणाला, "चिंचोक्याची खळ देतो म्हनून कडक हुतं. ह्याला खळ देनार न्हाई. आन् लोकर जावळाची घ्येतो, कोकराच्या पयल्या कातरनीची. लोन्यावानी मऊ." बाईंनी विचारिले, "वीण?" "तुमी सुईनं दाबून बगा. शिरली तर पैसं नगं." बाई म्हणाल्या, "माझी सुई डोंगरात शिरते," आणि तो म्हणाला, "मग डोंगरावानी विनतो." धनगरणींनी सूत कातले, बिराप्पाने मागावर चढविले, आणि बाईंनी आत काथ्या नाही, कापूस नाही, पिंजलेली लोकर थरावर थर बसविली, जशी पूर्वी घोड्याच्या पाठीवर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, गादी बसवीत. कडांना बकऱ्याचे चामडे, आणि शिवण जुन्या रीतीची, दोन सुयांची, एक इकडून एक तिकडून, की एक धागा तुटला तरी दुसरा धरून ठेवील. रंग तो मेंढराचाच, काळा, करडा आणि पांढरा. मोर नाही, मोती नाही. विसाजीपंत पाहून म्हणाले, "राजाच्या विमानात धनगराचे घोंगडे! शेजारी काय म्हणतील?" बाईंनी दातांनी दोरा तोडिला आणि म्हणाल्या, "दिवाणजी, शेजाऱ्यांना विमान आहे का?" त्या दिवसापासून त्यांनी चिरूट सोडून सुपारी धरिली, हेही येथे लिहिणे न्याय्य.

होरमसजी पुन्हा आले. या वेळी चौघडा नव्हता, तरी लोक आपोआप जमले. बाईंनी पट्टी काढून ठेविली होती. होरमसजींनी ती मागितली तेव्हा बाई म्हणाल्या, "पट्टी नको, साहेब. आसनातून कापा. जेथे तुमचा जीव मानेल तेथे कापा, मी पुन्हा सांधीन." विसाजीपंतांनी खाली पाहिले. होरमसजी वाकले, चालकाच्या आसनाच्या पोटाखालून बोटभर रुंद तुकडा आतल्या लोकरीसकट कापून घेतला, चिमट्यास टांगिला आणि ज्योत धरिली. लोकर करपली, केस जळल्याचा वास सुटला, कड काळी पडून गोळा जाहली. मग त्यांनी ज्योत काढिली. काळ्या कडेवर एक लाल ठिणगी राहिली. ठिणगी जरा चमकली, आणि विझली. होरमसजींनी तुकडा उलटा करून पाहिला, वजनाच्या काट्यावर आसने चढविली, उतरविली, पट्टे ओढून पाहिले, आणि मग टोपी काढून म्हणाले, "बाई, ह्या आसनावर मी माझ्या आईला बसवीन." आणि त्यांनी पंख्याची मोहर फोडिली. तेव्हा लोकांनी जो गजर केला तो दरीत जाऊन परत आला. बिराप्पाने मुंडासे उडविले आणि ते टिटवीच्या शेपटीवर अडकले.

आईसाहेबांनी आज्ञा केली की पहिल्या उड्डाणास म्हाळसाबाई आणि बिराप्पा या दोघांनी बसावे. बाई आईसाहेबांच्या शेजारी बसल्या, बिराप्पा मागे, मुठी आवळून, बिरोबाचे नाव घेत. टिटवी किंचाळली आणि उठली. लोक म्हणतात, आभाळातून दौलत केवढी दिसते ते बाईंनी पाहिले असेल. बाईंनी पाहिली नाही. त्या संबंध वाट आसनाच्या कडेवर बोट फिरवीत होत्या, आणि टिटवी हवेच्या खड्ड्यात उतरली तेव्हा शिवण तसूभर हलली नाही, हे त्यांनी बोटाने पाहिले. आईसाहेबांचा डावा हात आता बरा होऊन आसनाच्या दांड्यावर टेकला होता. त्या बोलिल्या, "म्हाळसाबाई, आज पाठ दुखत नाही." बाईंनी वाकून त्या पाठीमागची शिवणही बोटाने दाबून पाहिली.

पैलमाळावर डाक्तरीणबाई वाट पाहत उभ्या होत्या आणि शेजारी बाजेवर एक म्हातारी धनगरीण, खुब्याचे हाड मोडलेली. तिला तात्काळ नेणे जरूर होते, परंतु म्हातारी ऐकेना. "त्या भुताच्या पोटात मी न्हाई जानार. हितंच मरते." लेकाने समजाविले, डाक्तरीणबाईंनी समजाविले, आईसाहेब स्वतः बोलिल्या, व्यर्थ. मग म्हाळसाबाई पुढे आल्या. बाज विमानाच्या दारास भिडवविली, म्हातारीचा हात धरिला आणि दारातून आत नेऊन मागल्या आसनावर ठेविला. म्हातारीची बोटे लोकरीवर फिरली, थांबली, पुन्हा फिरली. "हे तर घोंगडं हाय," ती म्हणाली. "जावळाचं. आपल्या मेंढरांचं." "तुमच्याच मेंढरांचे," बाई म्हणाल्या. म्हातारी लेकावर खेकसली, "मग हुबा काय ऱ्हायला? उचल मला." तिला मागल्या दोन्ही आसनांवर आडवी निजविली, तेव्हा बिराप्पास उतरणे प्राप्त जाहले, आणि डाक्तरीणबाई संगती हव्या म्हणून म्हाळसाबाईंनी आपले आसन त्यांस दिले.

टिटवी दरीवरून निघून गेली आणि जीनगरीण व सणगर माळावर उभे राहिले. पैलमाळच्या बायका भोवती जमल्या. एकीने विचारिले, "बाई, तुमी कोन? राणीच्या पावन्या?" म्हाळसाबाईंनी पदर सावरिला, मान जी ताठ होती ती आणखी ताठ केली आणि म्हणाल्या, "मी जीनगरीण. हे सणगर. ते जे आभाळात चालले आहे ना, त्याचे खोगीर आमचे." आणि मग दोघे डोंगराचा वळसा घेऊन, वाटेत खळीच्या आणि टाक्याच्या गोष्टींवरून भांडत, पायी घरास आले.

इतके घडले ते लिहिले, आणि शोभेस चार शब्द वाढविले असतील तर वाचणाराने पोटात घालावे. म्हातारी पुढील माघात काठी टेकीत चालू लागली. आईसाहेबांनी दसऱ्याच्या दरबारी म्हाळसाबाई आणि बिराप्पा यांस एका ओळीत बसविले, पुढेमागे नव्हे, आणि शेजारच्या एका बड्या राजाने विमान घेतले तेव्हा आसनांसाठी माणूस याच दौलतीत धाडिला. बाईंनी त्यास ओसरीवर बसवून पाणी दिले आणि विचारिले, "तुमच्या विमानात कोण बसणार? राजे बसणार, का माणसे? ते आधी सांगा, मग माप घेते."